हेळवाकपर्यंतचं ऑईल

“मॅडम, फिल्टर पाच हायेत आणि रिंगा चारच,” बाबालाल मिस्त्री म्हणाले.

जेवणाची सुट्टी होती. मी काउंटरमागं डबा उघडून बसले होते, मेथी आणि भाकरी. आणि हा माणूस दारातच वर्तमानपत्र पसरून कचऱ्याच्या पिंपातली काळीकुट्ट फिल्टरं ओळीनं मांडत बसलेला, तोंडं वर करून. पुढच्या आठवड्यात पुण्याहून कंपनीचे साहेब तपासणीला यायचे होते. माझं डोकंच फिरलं.

“मिस्त्री, तुम्हाला किती वेळा सांगायचं, हा उकिरडा फरशीवर मांडायचा नाही म्हणून? जुनं फिल्टर निघालं की सरळ पिंपात!”

“टाकली हुती की पिंपातच. म्हणून तर आता काढायला लागली.”

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातली, कराडची. नव्या गाड्यांचं शोरूम, त्याला जोडून सर्व्हिसिंगची शेड, आणि त्या शेडची मॅनेजर मी, शालन डुबल, वय वर्षं एकोणतीस. हाताखाली सहा मेकॅनिक, सगळे मिशीवाले. ‘बाईमाणूस काय गाड्या सांभाळणार’ असं निम्म्यांनी तोंडावर आणि निम्म्यांनी पाठीमागं म्हणून झालेलं. त्यामुळं मी जरा जास्तच कडक होते. खरं सांगायचं तर तोंडाळच होते. मालकांनी कुठंतरी बघून ‘पहिली सर्व्हिस चाळीस मिनिटांत’ अशी पाटी रंगवून आणली, आणि ती पाटी खरी करून दाखवायचा मी विडाच उचलला. गळ्यात घड्याळ अडकवून शेडमध्ये हिंडायचे. कुणी रेंगाळलं की नावानिशी ओरडायचे.

बाबालाल मुलाणी त्या सहांमधले सगळ्यात जुने. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, बोलणं जेवढ्यास तेवढं. त्यांची एक पद्धत होती. गाडीचं ऑईल बदललं की जुनं फिल्टर त्या गाडीच्या पुढच्या चाकाशी तोंड वर करून ठेवायचं, आणि गाडी गेटाबाहेर पडेपर्यंत कुणालाही हलवू द्यायचं नाही. मला ते गबाळं वाटायचं. महिन्यापूर्वी मी ते बंद करून टाकलं. मिस्त्री नुसतं ‘बरं’ म्हणाले.

“एखादी रिंग पिंपात पडली असेल,” मी म्हणाले.

“पिंप पालथं करून बघितलं. न्हाई.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी डबा तसाच सोडून उठले.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त बसण्यापुरता असतो त्यांना सांगते. ऑईलचं फिल्टर म्हणजे एक पत्र्याचा डबा, इंजिनाला आट्यांवर बसवलेला. त्याच्या तोंडाला रबराची रिंग असते. तिच्यामुळं ऑईल गळत नाही. जुनं फिल्टर काढलं की जुनी रिंग त्याच्याबरोबर निघून यायला हवी. मिस्त्री फिल्टर तोंड वर करून ठेवायचे ते ती दिसावी म्हणूनच. कधीतरी ती येत नाही, इंजिनालाच चिकटून बसते. तिच्यावर कुणी नवं फिल्टर चढवलं तर रिंगेवर रिंग बसते. गंमत अशी की गाडी शेडमध्ये अगदी झकास चालू होते, थेंबसुद्धा पडत नाही. पण लांबचा रस्ता लागला, इंजिन तापलं, आत दाब वाढला, की रिंगा एकमेकींवरून सरकायला लागतात. आणि मग तीन लिटर ऑईल रस्त्यावर जायला फार वेळ लागत नाही.

“सकाळपासून पाच गाड्या गेल्यात,” मी म्हणाले. “पाचातली कुठली, कसं कळणार?”

मिस्त्रींनी बिनरिंगेचं फिल्टर उचललं. तळहातावर कलतं केलं, तसे दोनतीन थेंब आले. ते त्यांनी बोटांनी चोळले, नाकाशी नेले, आणि उन्हात जाऊन हात उघडला.

“हिकडं या.”

मी गेले. त्यांच्या तळहातावर काळं नव्हे, तांबूस ऑईल होतं आणि त्यात बारीक चंदेरी चमक होती.

“नव्या इंजिनाचं हाय हे. पयल्या हजार किलोमीटरात आतलं लोखंड एकमेकाला घासून बसतं, त्याचा चुरा येतो. बाकीच्या चार गाड्या जुन्या, त्यांचं ऑईल काळं. पयल्या सर्व्हिसची आज एकच हुती. आणि कारखान्यातली रिंग कोरडी बसवलेली असती बगा, तीच चिकटती.”

सहा वर्षं मी त्या धंद्यात होते. ऑईल मी रोज बघायचे, म्हणजे आपलं मला वाटायचं की बघते. एका थेंबातून गाडी ओळखणारा माणूस माझ्यासमोर उभा होता आणि मी त्याला रोज घड्याळ दाखवत होते.

पहिल्या सर्व्हिसची एकच गाडी म्हणजे शामराव नलवड्यांची. नवीकोरी, पांढरी. शामराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण मार्गावर. त्यांची मुलगी रंजना बाळंतपणाला माहेरी आली होती. आज तिला आणि दीड महिन्याच्या बाळाला चिपळूणला सासरी पोचवायला निघाले होते. गाडीत मागं पाळणा, दुपटी, डिंकाच्या लाडवांचे डबे. सकाळी काउंटरवर मला मोठ्या झोकात म्हणाले होते, “पाटणला भनीकडं च्या घेतो, मग कुंभार्ली घाट. ह्या घाटात माझं निम्मं आयुष्य गेलंय मॅडम, पर सोताची गाडी घेऊन पयल्यांदाच उतरनार हाय.”

मी त्या गाडीच्या कामाचं कार्ड शोधलं. काम कुणी केलं, त्या रकान्यात सही होती. सही बघितली आणि मी मिस्त्रींकडं बघत राहिले.

“हे काम तर तुम्हीच...”

“व्हय,” मिस्त्री म्हणाले. “म्हनून तर इचारतोय, गाडी किती वाजता गेली?”

“पावणेएकला.”

दीड वाजला होता. मिस्त्री जीप काढायला गेले. मी मालकांना फोन लावला. ते सांगलीला लग्नात होते, मंगल कार्यालयातल्या फोनवर आले, मागं सनई चालू. मी भडाभडा सांगितलं. ते म्हणाले, “डुबलबाई, डोकं ठिकाणावर ठेवा. काही होत नसतं. आणि जायचंच असेल तर जा, पण तोंड सांभाळून. फिल्टरच कंपनीकडून खराब आलं होतं म्हणायचं. आपल्या शेडमध्ये चूक झाली असं गावात कळलं तर उद्यापासून कुत्रं फिरकणार नाही. मुलाण्यालाही सांगा. तो जर बोलला तर त्याला उद्यापासून यायचं कारण नाही.”

मी “हो” म्हणाले. मला ते पटलंही, हे आज कबूल करते.

जीपमध्ये नवं फिल्टर, ऑईलचा डबा, पाने असं सगळं टाकून आम्ही निघालो. गाडी मिस्त्री चालवत होते. मालकांचा निरोप मी त्यांना शब्दाला शब्द सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. ऊस कारखान्याला नेणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या. त्यांच्यातून जीप काढण्यात त्यांचं लक्ष होतं. ऐकलं की नाही तेच मला कळेना.

“मिस्त्री, घाटात ऑईल संपलं तर काय होईल?” मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. कुणीतरी दुसरं काहीतरी सांगावं एवढीच इच्छा होती.

“इंजिन धरंल, जाम हुईल. गाडी गियरात असली तर चाकं अडकतील. न्यूट्रलला असली तर निस्ती सुटंल, आन् इंजिन बंद म्हंजे ब्रेक दगडावानी. नायतर मग तापल्या सायलेन्सरवर ऑईल पडून पेट घ्यायचं.” जरा थांबून ते म्हणाले, “बारकं पोर हाय वो गाडीत.”

मी काचेतून पुढचा रस्ता न्याहाळायला लागले, पांढरी गाडी दिसते का म्हणून.

मल्हारपेठ मागं पडलं तशी मिस्त्रींनी जीप एकदम बाजूला घेतली आणि खाली उतरले. रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसून डांबरावरचा एक डाग बोटानं टिपला. मागून ट्रक बोंबलतोय, हे आपले बोट नाकाशी धरून बसलेले. परत आले.

“डिझेल गाडीचं.”

पुढं पाटणच्या अलीकडं पुन्हा तेच. “हे ग्रीस.” ओरडावंसं वाटत होतं की चला लवकर, कशाला थांबताय. पण त्या दिवशी दुपारी पहिल्यांदाच मी त्या माणसाला ओरडले नाही.

पाटण ओलांडल्यावर कोयनेच्या काठानं रस्ता जातो. तिथं एका वळणावर ते तिसऱ्यांदा उतरले. बोट टेकवलं, उन्हात धरलं आणि तसंच मला दाखवलं. मधाच्या रंगाचा स्वच्छ थेंब.

“हे आपलं. सकाळी मीच वतलंय.”

त्यापुढचे वीस किलोमीटर माझ्या अजून डोळ्यांपुढं आहेत. मिस्त्री सांगत होते आणि मी बघत होते. आधी विजेच्या चार-पाच खांबांमागं एक थेंब पडलेला. मग दर खांबाला एक. मग दोन खांबांमध्ये तीन. सात-आठ किलोमीटर असे गेले आणि मिस्त्री म्हणाले, “अजून लिटरभर ऱ्हायलं असंल.” त्यांनी ते असं सांगितलं जसं आपण भांड्यात बघून दूध किती उरलंय ते सांगतो. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा रस्ता वाचत होते, आणि तो वाचायला शिकवणारा माणूस शेजारी बसून स्वतःचीच चूक मोजत होता. असं काही मी त्याआधी बघितलं नव्हतं. भीती होतीच, पण भीतीच्याही वर छातीत काहीतरी दाटून आलं होतं. देवळात गाभाऱ्यापाशी गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं झालं होतं.

हेळवाकच्या अलीकडं थेंबांची रेघ झाली. मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला, डिसेंबरात. ओठ हलत होते, बहुतेक दुवा मागत होते. मी कुलदैवताला नवस बोलून टाकला.

आणि हेळवाकच्या चहाच्या टपरीसमोर पांढरी गाडी उभी होती.

बाळ रडायला लागलं म्हणून रंजना त्याला पाजायला टपरीच्या आत बसली होती. त्या पोरानं भुकेला रडावं आणि घाटाच्या तोंडाशीच रडावं, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. शामराव बाहेर बाकड्यावर बशीत चहा ओतून पीत होते. गाडीखाली परातीएवढं थारोळं साचलं होतं आणि त्यांची तिकडं पाठ होती.

“आरं! मॅडम? तुमी हितं कुठं?” ते उठले.

मी तोंड उघडलं. मालकांचं वाक्य तोंडात तयारच होतं. “काका, ते काय झालं, कंपनीकडून फिल्टरचा एक लॉट खराब आलाय असं आम्हाला आत्ताच...”

“तसं काय न्हाई काका,” मिस्त्री म्हणाले. ते आधीच रस्त्यावर आडवे होऊन निम्मे गाडीखाली गेले होते. “फिल्टर चांगलं हाय. चुकी माजी हाय. आदी दुरुस्त करतो, मंग सांगतो.”

मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

इंजिन तापलेलं होतं. मिस्त्रींनी हाताला फडकं गुंडाळलं होतं, तरी मधूनच त्यांचा श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा. शामरावांनी खाली वाकून थारोळं बघितलं. एकतीस वर्षं गाडी हाकलेला माणूस, त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. ऑईल मोजायची पट्टी त्यांनी स्वतः ओढून बघितली. टोकाला जेमतेम ओलावा होता.

मिस्त्री बाहेर आले. मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा. हातात दोन रिंगा, एकीला एक चिकटलेल्या. त्या त्यांनी शामरावांसमोर धरल्या.

“ही कारखान्याची. ही मी बसवलेली. जुनी काढल्याबिगर नवी बसवली. फिल्टर काढलं की इंजिनाच्या तोंडावरनं बोट फिरवून बघायचं आसतंय, काय ऱ्हायलंय का म्हनून. बत्तीस वर्सं फिरवतोय. आज न्हाई फिरवलं.”

“तिकडं उतरलो असतो तर?” शामरावांनी घाटाकडं मान केली.

“दुसऱ्या न्हाईतर तिसऱ्या वळनापतोर पोचला असता.”

तेवढ्यात रंजना बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. “काय झालं, अण्णा?”

शामरावांनी एकदा पोराकडं बघितलं आणि मिस्त्रींची कॉलर धरली. त्यांचा हात वर गेला होता. मिस्त्रींनी मान बाजूलासुद्धा केली नाही. मार पडणारच आहे आणि तो आपलाच आहे, असे उभे राहिले. टपरीवाला भांडं हातात धरून बघत होता. तो हात तसाच वर राहिला, आणि मग हळूहळू खाली आला.

“मॅडम काय म्हनत हुत्या, लॉट का काय?” त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं.

“त्यांना वरनं तसं सांगायला लावलंय,” मिस्त्री म्हणाले.

“आन् तुला न्हाई सांगितलं?”

“सांगितलं. खरं बोललास तर उद्यापास्नं येऊ नको, असं सांगितलंय.”

शामराव कॉलर सोडून दोन पावलं मागं सरले. “एकतीस वर्सं डेपोत काढली,” ते म्हणाले. “ब्रेक फेल झालं, स्प्रिंगचं पाटे तुटले, दोनदा मरता मरता वाचलो. ‘माझं चुकलं’ असं म्हननारा मानूस काय मला भेटला न्हाई. माझ्या तोंडातनंबी कधी निघालं नसंल.”

मिस्त्रींनी इंजिनाच्या तोंडावरून सावकाश बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग शामरावांना खाली वाकवून त्यांचंही बोट फिरवायला लावलं. नवं फिल्टर बसवलं, ऑईल भरलं, इंजिन चालू करून पंधरा मिनिटं खाली पडून बघत राहिले. एक थेंब नाही.

“मी जीप घेऊन मागनं येतो,” मिस्त्री म्हणाले. “चिपळुनापतोर.”

“मागनं नगं.” शामरावांनी पुढचं दार उघडलं. “शेजारी बस. घाटात गाडी उतरायची तर तुलाबी घेऊन उतरायची.”

मिस्त्री जरा घोटाळले. अंगावरचे कपडे ऑईल आणि मातीनं बरबटलेले. टपरीवरचं वर्तमानपत्र मागून आणून त्यांनी सीटवर पसरलं. शामरावांनी ते ओढून काढलं आणि चुरगाळून फेकून दिलं. “बस म्हनलं तर बस की मर्दा. सीट धुता येतं.”

मिस्त्री बसले. मी रस्त्यावर एकटी उभी राहिले. आणि तेव्हा, इतका वेळ मनाच्या तळाशी दाबून धरलेलं वर आलं. सकाळी मिस्त्रींनी जुनं फिल्टर काढलं होतं, आणि त्यांचं बोट इंजिनाकडं निघालं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्याच क्षणी मी शेडच्या त्या टोकावरून ओरडले होते, “मिस्त्री, अडतीस मिनिटं! आरती ओवाळताय का इंजिनाला?” सगळे फिदीफिदी हसले होते. मिस्त्रींनी हात मागं घेतला आणि नवं फिल्टर उचललं. कराडपासून हेळवाकपर्यंत ते याबद्दल एक चकार शब्द बोलले नव्हते. ना मला, ना शामरावांना. मारायला हात उगारला तेव्हासुद्धा नाही.

शामरावांनी किल्ली फिरवली. मी पळत जाऊन खिडकी धरली.

“काका, थांबा! चूक त्यांची एकट्याची नाही. ते बोट फिरवतच होते. मी घाई केली. मी सगळ्यांसमोर ओरडले म्हणून त्यांनी हात मागं घेतला. आणि आत्ता तुमच्यापुढं खोटंही मीच बोलत होते.” रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडलेच.

शामरावांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“मंग बाहेर का हुबी ऱ्हायलीस?” ते म्हणाले. “तूबी बस.”

मी मागं बसले. जागा नव्हतीच. रंजनानं डबे सरकवले आणि पाळणा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. जीप टपरीवाल्याच्या भरवशावर सोडून आम्ही घाट उतरायला लागलो.

कुंभार्ली घाट मी त्याआधी दोनदा बघितला होता, वांतीची पिशवी हातात धरून. त्या दिवशी मी दरी बघितलीच नाही. पाळण्याच्या दांड्यांमधून मी फक्त समोरचा ऑईलचा दिवा बघत होते. तो लाल झाला की संपलं. पहिलं वळण गेलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्या वळणाला शामरावांनी मिस्त्रींकडं बघितलं, मिस्त्री दिव्याकडं बघत होते. दिवा लागला नाही. बाळ शेजारी आईच्या कुशीत झोपून गेलं होतं, तोंडाला दुधाचा ओघळ. एवढंसं कपाळ. आपण काय करून बसलो होतो ते मला त्या कपाळाकडं बघून कळलं, आणि आपण अजून सगळे जिवंत आहोत याचंच इतकं आश्चर्य वाटायला लागलं की मी हात जोडले. कुणाला, ते मला सांगता येणार नाही. पोफळीला घाट संपला, तेव्हा शामरावांनी गाडी कडेला घेऊन पट्टी ओढून बघितली. ऑईल होतं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं कळताच मालकांनी मिस्त्रींना काढलं. “गिऱ्हाइकापुढं चूक कबूल करणारा माणूस मला परवडत नाही,” असं म्हणाले. मी म्हणाले, “मग मीही परवडणार नाही.” फार शूरपणानं म्हणाले असं नाही. घरी आईनं कपाळावर हात मारून घेतला. सोन्यासारखी नोकरी, आणि कुणा मिस्त्रीच्या मागं लाथाडून आली.

मिस्त्रींनी ओगलेवाडीच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. मी तिथं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, कार्ड लिहायला माणूस लागेल ना? ते म्हणाले, “गाड्या यायच्या कशावरनं?” ते खरंच होतं. तीन महिने आमच्याकडं काय आलं म्हणाल, तर दोन ट्रॅक्टर, एक वडापची जीप आणि शेजारच्या गिरणीचं इंजिन. मालकांनी गावभर सांगून ठेवलं होतं की मुलाण्याचा हात गेलाय, एका गाडीचं वाटोळं करून आला. सगळंच खोटं कसं म्हणणार? मी रोज सकाळी शेड झाडायचे आणि रस्त्याकडं बघत बसायचे. मिस्त्री एक दिवस म्हणाले, “मॅडम, तुमी दुसरीकडं बगा. म्हैनाअखेर मी शेड सोडतो.”

त्या महिन्याची शेवटून दुसरी तारीख होती. सकाळी अकराच्या सुमाराला पांढरी गाडी शेडच्या दारात येऊन थांबली. शामराव उतरले. मागं चार दिवस माहेरी आलेली रंजना होती, आणि तिच्या मांडीवर आता मान धरायला लागलेलं बाळ.

“पाच हजार सात किलोमीटर झालं,” शामराव कुरकुरत म्हणाले. “बराबर पाच हजारला यायचं हुतं. शोरूममधनं तुमचा पत्ता कुनी सांगंना, त्यात सात गेलं. काय वो मॅडम, एक पाटी तरी लावायची!”

मला हसावं की रडावं कळेना. पण खरं ते सांगायला हवं होतं. “काका, दुसरी सर्व्हिस शोरूममध्ये मोफत आहे. आणि बाहेर केलीत तर गाडीची वॉरंटी जाईल. तसा नियमच आहे.”

“जाऊ दे की.” त्यांनी रंजनाकडं आणि बाळाकडं हात केला. “ह्यास्नी चिपळूनला सोडायचंय. मला आज घाट उतरायचाय.”

एवढं बोलून त्यांनी मिस्त्रींपुढं चावी धरली. मिस्त्रींनी ती लगेच घेतली नाही. ते बघत राहिले, आधी चावीकडं, मग काचेतून आपल्याकडं टकामका बघणाऱ्या त्या पोराकडं. डोळ्यांच्या कडा भरून आल्या तशा त्यांनी बाहीनं पुसल्या, चावी घेतली आणि गाडी शेडमध्ये घेतली. मी नवं कार्ड काढलं आणि त्यावर पहिल्याच ओळीत शामराव नलवड्यांचं नाव लिहिलं.